व्याह्यांच्या गाडीवरचा चरा

व्याह्यांची गाडी घेऊन दुकानात जाऊ नये.

देवाला जावं, दवाखान्यात जावं, फार तर पेट्रोल भरायला जावं आणि भरून झालं की सरळ घरी यावं. मी भांड्यांच्या दुकानात गेलो. त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते मला विचारू नका. (विचारलं नाहीत तरी सांगणार आहेच.)

मी नगरला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलं आहे, जिभेवर यायला अजून थोडा वेळ लागेल. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. या तीन पिढ्यांत कोणी कोणाची वस्तू उसनी आणली नाही, कारण परत करताना ती खराब झालेली असली तर काय, ही भीती आमच्या रक्तात आहे. माझे वडील ग्रंथालयाचं पुस्तक आणलं की आधी त्याला कव्हर घालत आणि मगच उघडत. अशा घरातल्या आमच्या मुक्तानं सुप्याच्या कारखान्यात बरोबर काम करणाऱ्या अमोलशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी. घर तिसगावचं, शेतकऱ्याचं. डाळिंबाची बाग, म्हशी, आणि दारात कायम दहा माणसं.

अमोलचे वडील भानुदासराव. माणूस उंच, आवाज त्याहून उंच आणि हात इतका सढळ की पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या छोट्या गाडीच्या डिकीत बाजरीचं पोतं टाकलं होतं. आम्ही नगरपर्यंत आभाळाकडे तोंड करून आलो.

साखरपुडा झाला होता. लग्नाला दोन-अडीच महिने होते. कार्यालय, जेवण, मानपान यांचं बोलायला मी आणि माझी बायको सुलभा एका रविवारी तिसगावला गेलो. बोलणं लगेच संपलं, कारण मी जे सुचवीन त्याला ते "व्हय, चालतंय" म्हणत आणि ते सुचवतील त्याला मी "हो, चालेल" म्हणत होतो. उरलेला दिवस जेवणात गेला. निघायला संध्याकाळ झाली. गाडी सुरू केली तर ती जोरात ओरडली, पण जागची हलेना. क्लच गेला होता.

मी म्हणालो, आम्ही एसटीनं जातो. हे ऐकून भानुदासरावांचा चेहरा असा झाला, जणू मी साखरपुडा मोडतो म्हणालो. त्यांनी स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वरून माझी मूठ मिटली.

"आमची घिऊन जा. तुमची आमी हितं दुरुस करून ठिवतो. पाव्हनं एसटीनं जातील व्हय?"

त्यांची गाडी म्हणजे सात माणसांची, उंच, गडद निळी, घेऊन वर्षही झालेलं नव्हतं. गोठ्याच्या भिंतीला खेटून उभी होती. मी बेतानं ती बाहेर काढली, सुलभा पलीकडून चढली. निघताना भानुदासराव काचेपाशी वाकले आणि हळू आवाजात (म्हणजे शेजारच्या वस्तीवर ऐकू जाणार नाही एवढ्या) म्हणाले, "आन सर, धुवत-बिवत बसू नका गाडी. हाय तशी आसू द्या."

केवढा हा मोठेपणा, असं मला वाटलं. करंजीच्या घाटात मी गाडी इतकी जपून चालवली की मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिला आणि पुढे जाताना त्यावरचा माणूस माझ्याकडे काळजीनं बघून गेला. घरी आल्यावर गाडी सोसायटीच्या भिंतीकडेला लावली आणि किल्ली देवघरात ठेवली.

ती तिथेच राहायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सुलभा म्हणाली की घरात एवढी मोठी गाडी आहे तोवर रुखवताची भांडी आणून टाकू. तांब्याचं घंगाळ काही रिक्षात मावत नाही. मी म्हटलं, गाडी आपली नाही. ती म्हणाली, घंगाळही त्यांच्याच घरी जाणार आहे. मी देवघरातून किल्ली काढली.

कापडबाजाराच्या अलीकडे एका बोळात भांड्यांचं दुकान आहे. बोळ असा की समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकीनं माघार घ्यावी. तिथे एका विजेच्या डब्याच्या आणि काकड्यांच्या हातगाडीच्या मध्ये मी ती सात माणसांची गाडी बसवली. बसवताना घाम फुटला. आम्ही आत गेलो, घंगाळ, समई आणि एक पिंप घेतलं, आणि दुकानातल्या माणसानं घंगाळ उचलून आणून डावीकडच्या मागच्या दारातून आत ठेवलं. दार लावलं. तो गेला. आणि मला चरा दिसला.

दाराच्या मुठीखाली सुरू होऊन मागच्या चाकाकडे गेलेला, हातभर लांब. निळ्या रंगावर पांढरा. मधोमध थोडा खोल.

मी खाली बसून त्यावरून बोट फिरवलं. कधी कधी ती नुसती धूळ असते. ही धूळ नव्हती.

"मला आवाज आला होता," सुलभा म्हणाली.

"कसला?"

"कर्र असा. तुम्ही गाडी लावत होतात तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही चालवताना मी बोललेलं तुम्हाला चालतं का?"

मला आधी घंगाळाच्या कड्यावर संशय आला. मग विजेच्या डब्यावर. मग काकडीवाल्यावर. त्याला मी अतिशय सभ्यपणे विचारलं की तुमची गाडी जरा हलली होती का. त्यानं सांगितलं की त्याची गाडी सकाळपासून हललेली नाही, कारण माझ्या गाडीमुळे ती हलवताच येत नाहीये. बघ्यांपैकी दोघांनी माझी बाजू घेतली, चौघांनी त्याची. शेवटी मी काकड्या विकत घेऊन तिथून निघालो.

घरी येईपर्यंत आमचं ठरलं होतं की लगेच सांगून टाकायचं. मी फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत भानुदासराव म्हणाले, "गाडी कशी चालती सर? पायजे तवर ठिवा. ती आता तुमचीच हाय."

तुमचीच म्हणणाऱ्या माणसाला त्याच संध्याकाळी कसं सांगायचं की आम्ही तिची अशी अशी अवस्था केली? मी म्हटलं, छान चालते. ते म्हणाले, "धुतली न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही नाही. फोन ठेवला. सुलभानं विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, वातावरण नव्हतं.

मुक्तालाही सांगायचं नाही असं ठरलं, कारण मुक्ताला कळलं की अमोलला कळणार. रात्री मला झोप लागेना. लग्नाच्या उंबरठ्यावर दोन्ही घरं कशीबशी एकमेकांना समजून घेत होती. त्यांना वाटायचं ही मास्तरमंडळी आपल्याला नावं ठेवतील, आम्हाला वाटायचं की आपण त्यांच्या घराला पुरे पडणार नाही. त्यात हा चरा. माझ्या डोळ्यांसमोर विहीणबाई यायच्या आणि काहीएक न बोलता नुसतं त्या दाराकडे बघायच्या.

आमच्या मजल्यावर वैद्यकाका राहतात. निवृत्तीनंतर ते मोबाईलवर निरनिराळे व्हिडिओ बघतात आणि त्यांतलं ज्ञान स्वतःच्या घरात वापरायला काकू देत नाहीत, म्हणून ते बाहेर वाटतात. त्यांनी सांगितलं, टूथपेस्ट. फडक्यावर घ्यायची आणि गोल गोल घासायची, चरा गायब.

मी गोल गोल घासलं. चरा होता तसाच राहिला, गाडीला मात्र लवंगेचा वास येऊ लागला. काका म्हणाले, जोर कमी पडतोय. मी जोर लावला. मग फडकं गुळगुळीत आहे म्हणून त्यांनी काहीतरी खरखरीत आणायला सांगितलं, आणि मी (माझं शिक्षण एम.ए., बी.एड.) स्वयंपाकघरातून भांडी घासायची हिरवी घासणी आणली.

पेस्ट पुसून आम्ही दोघंही वाकून बघू लागलो. हातभर चऱ्याभोवती आता एक पांढुरका, धुरकट पट्टा तयार झाला होता. तो मुठीपासून थेट मागच्या चाकाच्या वरपर्यंत गेला होता आणि चांगला वीतभर रुंद होता. आतापर्यंत गाडीला चरा होता. आता तिला कोड फुटल्यासारखं दिसत होतं.

"वाळल्यावर कमी होईल," काका म्हणाले आणि जिन्यानं वर गेले. लिफ्ट चालू होती.

यापुढे पेंटरला पर्याय नव्हता. एमआयडीसीच्या रस्त्याला एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, पप्पूशेठ. अत्यंत आनंदी माणूस. गाडी बघितल्या बघितल्या तो हसला आणि म्हणाला, "घासणी का?" म्हणजे मी पहिला नव्हतो, हा त्यातल्या त्यात दिलासा. त्यानं सांगितलं की नुसता चरा भरून भागणार नाही, आख्खं दार रंगवावं लागेल, मागचा भागही घ्यावा लागेल. मी म्हटलं, काय लागेल ते घ्या, फक्त कळता कामा नये.

मधल्या दिवसांत मी कॉलेज सुटलं की पप्पूशेठकडे जात असे. वर्गात पठारं शिकवताना फळ्यावर काढलेल्या प्रत्येक रेषेत मला तो चरा दिसायचा. गाडी दोन दिवस नुसती खरवडून ठेवलेली होती. निळ्या गाडीला राखाडी दार. तिच्याकडे बघवत नव्हतं. तिसऱ्या भेटीत रंग मारलेला होता आणि तो निळा नव्हता, मोरपंखी होता.

"पप्पूशेठ, हा वेगळा दिसतोय."

"उन्हात बघू नका सर. सावलीत बघा."

सावलीत तो बरा दिसत होता, हे खरं. पण तिसगावात सावली कुठून आणायची? आणि व्याह्यांना मी काय सांगणार होतो, की यापुढे गाडी फक्त ढगाळ हवेत काढा?

याच वेळी भानुदासरावांचा फोन आला. मोरपंखी दारापाशी उभा राहूनच मी तो घेतला. आमच्या गाडीचा क्लच बसवून झाला होता. मी तोंडभरून आभार मानले. मग ते जरा घुटमळले. त्यांना घुटमळताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सर, तेवढं आयतवारी आमची गाडी घिऊन या. चार मानसं येनार हायेत बघाया."

"काय बघायला?"

"गाडी," ते म्हणाले. "म्हंजे तसं काय न्हाई. तुमी या. समक्ष बोलू."

मी घरी येऊन सुलभाला सांगितलं. ती खुर्चीत बसली. चार माणसं गाडी बघायला येणार, याचा अर्थ आम्हाला दोघांनाही एकदमच लागला. भानुदासराव गाडी विकत होते. आमच्या मुलीच्या लग्नासाठी. आम्ही "चालेल, चालेल" म्हणत त्यांच्यावर केवढा खर्च टाकला, आणि तो माणूस "व्हय, चालतंय" म्हणत गेला आणि आता दारातली गाडी काढायला निघाला! सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, आपण म्हणू साधं लग्न करू. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, आणि त्या गाडीचं दार कुठल्या रंगाचं आहे?

मी रात्र होण्याआधी परत पप्पूशेठकडे पोचलो. त्याला सांगितलं की आता प्रश्न माझ्या अब्रूचा राहिलेला नाही. रंग परत काढा, परत मारा. आख्ख्या गाडीला पॉलिश करा. बघणाऱ्यानं खोट काढता कामा नये. त्यानं ते काम, का कोण जाणे, मन लावून केलं. शनिवारी संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा दार निळं होतं. कुठल्याही उन्हात निळं. आणि सबंध गाडी अशी चमकत होती की शोरूममध्येही ती एवढी चमकली नसेल.

रविवारी आम्ही तिसगावला पोचलो. अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या होत्या. चार वयस्कर माणसं बसली होती. मधोमध पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे तात्या म्हणत होते. जरा बाजूला, कुणाशीच न बोलता, अमोलचे चुलते रंगनाथ उभे होते. हे भानुदासरावांचे सख्खे धाकटे भाऊ. अमोल लहान असताना त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेणारे हेच, असं मुक्तानं सांगितलं होतं. साखरपुड्यात त्यांनी माझ्या हाताला धरून पंगतीत बसवलं होतं. आज त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, गाडी चालली म्हणून बिचारे नाराज असतील.

भानुदासराव घरातून बाहेर यायच्या आत मी त्या चौघांना नमस्कार केला आणि व्याह्यांसाठी आपल्याकडून होईल तेवढं करावं म्हणून म्हणालो, "गाडी निवांत बघा. अगदी नव्यासारखी आहे. कुठं एक चरा सापडणार नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. रंगनाथराव झटकन पुढे आले.

"ऐकलं का तात्या? पाव्हनं काय म्हनत्यात? शिकलेला मानूस हाय. आठ दिस गाडी त्यांच्याच हातात हुती."

मला बरं वाटलं. आपल्या शब्दाला वजन आहे, असं वाटलं.

तेवढ्यात भानुदासराव आले. त्यांनी आम्हाला रामराम केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते तात्यांना आणि बाकीच्यांना घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला गेले. स्वतःच्या घरातल्या खुंटीकडे न बघता माणूस टोपी अडकवतो, तसा त्यांनी न बघताच मागच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्ये बघा."

चौघं वाकले. दारात त्यांना स्वतःचे चेहरे दिसले. तात्यांना त्यांची टोपी दिसली. ती जरा तिरपी होती, ती त्यांनी सरळ केली.

"काय बघायचं?" तात्यांनी विचारलं.

भानुदासरावांनी खाली पाहिलं. मग ते वाकले. मग उकिडवे बसले आणि त्यांनी दारावरून तळवा फिरवला. उठून ते गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले, तिकडचं दार पाहिलं, परत डावीकडे आले. असं त्यांनी दोनदा केलं. मला वाटलं, किती कौतुकानं बघतायत. सुलभानं माझा दंड धरला. तिला माझ्या आधी कळतं, नेहमीच.

"सर," भानुदासराव म्हणाले, आणि हा आवाज खरोखरच हळू होता. "हितं चरा हुता."

मग हळूहळू मला सगळं उलगडत गेलं. आम्ही तिथे जाण्याच्या आधीच, सामाईक वाटेनं रंगनाथरावांची ट्रॉली गेली तेव्हा ही गाडी घासली होती. भानुदासरावांनी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, माझी ट्रॉली लागलीच नाही. शब्दानं शब्द वाढला, जुनी उणीदुणी निघाली, बोलणं बंद झालं आणि शेवटी रंगनाथराव म्हणाले की मी लग्नालाही येणार नाही. म्हणून ही चार माणसं बोलावली होती. ट्रॉलीच्या कडेची उंची आणि चऱ्याची उंची ताडून बघायची होती. घरातलं भांडण नव्या पाहुण्यांना कळू नये म्हणून भानुदासराव आम्हाला काही बोलले नव्हते. धुऊ नका म्हणाले होते ते मोठेपणानं नव्हे, पुरावा पुसला जाऊ नये म्हणून. आणि मी तो नुसता पुसला नव्हता. त्यावर रंगाचे दोन हात दिले होते.

"आता बोल," रंगनाथराव भावाला म्हणाले. "कुठं हाय चरा? दाव की."

भर पंचांत खोटा पडलेला तो एवढा मोठा माणूस माझ्यामुळे तिथे उभा होता. इतका घाबरलेलो असताना मी आयुष्यात कधी बोललेलो नाही. पण मी बोललो. म्हटलं, चरा होता. मी पाहिला. तो मीच पाडला असं मला वाटलं, म्हणून मी तो रंगवून घेतला. बोळ, घंगाळ, काकड्या, पेस्ट, सगळं सांगितलं. घासणीचंही सांगितलं. आपण खोटे नाही आहोत हे पटवायला माणूस नको तेवढा तपशील देतो.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, केवढा हुता त्यो?"

मला आठवत होता तो घासणीनंतरचा. गेले कित्येक दिवस डोळे मिटले की तोच दिसत होता. मी मास्तर आहे, नुसतं तोंडी सांगणं मला जमत नाही. मी दारापाशी गेलो आणि नकाशा दाखवावा तसं दोन्ही हातांनी दाखवलं. "हा इथून, मुठीपासून, इथपर्यंत, चाकाच्या वर. आणि रुंदी एवढी. वीतभर."

"वीतभर?" रंगनाथराव उसळले. "कायबी बोलू नका सर. वीतभर कसा आसंल? हितनं हितवर हुता निस्ता. बोटाएवढी रुंदी न्हवती. ट्रॉलीची कड आशी घासत..."

आणि ते थांबले.

त्यांचं बोट अजून दारावर होतं. बरोबर त्या जागी, जिथे मी पप्पूशेठला बोट ठेवून दाखवलं होतं. गोठ्यात एक म्हैस हंबरली. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मग तात्यांनी टोपी काढली, तोंडासमोर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

एकानं सुरू केल्यावर बाकीच्यांनाही आवरेना. भानुदासराव मात्र हसत नव्हते. ते भावाकडे बघत होते.

"मंग तवाच का न्हाई म्हनलास?"

रंगनाथराव जमिनीकडे बघत म्हणाले, "तू चारचौघात इचारलंस. माझा जावई बसला हुता तितं. एकट्याला इचारलं आसतंस तर म्हनलो नसतो व्हय, दादा?"

भानुदासरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "त्ये चुकलंच." एवढंच. रंगनाथरावांनी दारावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंग मातुर झकास दिलाय." मग सगळ्यांसाठी चहा आला. विहीणबाईंनी बाहेर येऊन तो आधी दिराच्या हातात दिला आणि आत जाताना पदरानं डोळे टिपले. सुलभानंही टिपले. मी चष्मा पुसला.

आता खरं तर इथे माझी फजिती पुरी झाली असं समजून मी आमची दुरुस्त झालेली छोटी गाडी घेऊन मुकाट्यानं घरी यायला हवं होतं. पण निघताना तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक डोळा बारीक करून म्हणाले, "सर, वीतभर म्हनलात तवाच मी वळखलं. वकिलालाबी न्हाई सुचायचं."

मी म्हटलं, नाही हो, मला तो खरंच तेवढा वाटला. ते म्हणाले, "व्हय, व्हय," आणि माझा खांदा दाबला. मी पुन्हा सांगायला गेलो तर भानुदासराव त्यांना म्हणाले, "तसंच हाय त्यांचं. मोठेपणा सोताकडं घेत न्हाईत."

लग्न झालं. झकास झालं. रंगनाथरावांनी नवरदेवाची गाडी स्वतः चालवली आणि पंगतीत आग्रह करताना माझ्या पानात जिलब्यांचा डोंगर केला. तोवर तिसगावात माझी कीर्ती पसरलेली होती. मांडवात तिघेजण मला बाजूला घेऊन गेले. एकाचा बांधाचा वाद होता, एकाचा बोअरच्या पाण्याचा, आणि तिसरा नुसताच सल्ला मागायला आला होता. मी तिघांनाही सांगितलं की मला यातलं काही कळत नाही. तिघेही जाताना म्हणाले, किती मोठा माणूस आणि किती साधा.

भानुदासरावांची एक बहीण सुलभाशेजारी येऊन बसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सरांचं डोकं लई चालतं म्हनं."

त्या वेळी मी मांडवात माझा चष्मा शोधत होतो. तो माझ्या डोळ्यांवरच होता.

"चालतं हो," सुलभा म्हणाली, "पण चालत चालत लांब जातं. मग मला शोधून आणावं लागतं."